सगळ्या संशोधनाला एकच तक्ता कसा पुरेल? मूल्यमापन समित्यांना खुले पत्र

विद्यापीठांच्या संशोधन मूल्यमापन समित्यांवर काम करणाऱ्या सर्व सन्माननीय सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंध विभाग सांभाळते. स्वीकारला गेलेला प्रत्येक प्रबंध, प्रत्येक संशोधन अहवाल आणि अलीकडे संशोधनातून जमलेला डेटासुद्धा नोंदीसाठी आमच्याकडे येतो. मी प्राध्यापक नाही. पण एकेका विभागात बसलेल्या माणसाला जे सहसा दिसत नाही, ते मला या जागेवरून रोज दिसते: विद्यापीठ नावाच्या एकाच संस्थेत चालणारे संशोधन किती निरनिराळ्या जातींचे असते. गणिताचा प्रबंध साठ-सत्तर पानांत संपू शकतो. इतिहासाचा सहाशे पानांवर जातो आणि तरी त्याला परिशिष्टे लागतात. भाषाविज्ञानाच्या प्रबंधाबरोबर तासन्‌तासांची ध्वनिमुद्रणे येतात, वनस्पतिशास्त्राबरोबर वाळवून ठेवलेल्या नमुन्यांची यादी, संगणकशास्त्राबरोबर प्रोग्रामचा कोड, नाट्यशास्त्राबरोबर प्रयोगाचे चित्रीकरण. यांची नोंद करायला आम्हाला वेगवेगळे रकाने ठेवावे लागतात. तुमच्यासमोर मात्र हे सगळे एकाच तक्त्यात बसवून येते. शोधनिबंध किती, कोणत्या जर्नलमध्ये, इम्पॅक्ट फॅक्टर किती, सायटेशन (म्हणजे इतरांच्या निबंधांत झालेले उल्लेख) किती, एच-इंडेक्स किती.

हे पत्र त्या तक्त्याविषयी आहे.

त्यातला सर्वांत वजनदार रकाना, इम्पॅक्ट फॅक्टरचा, आमच्याच व्यवसायाच्या शेजारून आलेला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. कोणत्या शोधनिबंधाचा उल्लेख पुढे कोणी केला याची सूची बनवावी, ही कल्पना युजीन गारफील्ड यांनी 1955 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. सूची प्रत्यक्षात बनू लागल्यावर जगभरच्या नियतकालिकांपैकी कोणती तिच्यात घ्यायची हा प्रश्न आला आणि त्या निवडीसाठी इम्पॅक्ट फॅक्टर हे माप घडवले गेले. 1975 पासून त्याचे वार्षिक आकडे नियमित प्रसिद्ध होऊ लागले आणि कोणत्या जर्नलची वर्गणी चालू ठेवायची हे ठरवताना ग्रंथालये ते पाहू लागली. मीही पाहते. हिशेब सोपा आहे. एखाद्या जर्नलने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा एकूण किती उल्लेख मिळाले ते मोजायचे आणि त्याला त्या लेखांच्या संख्येने भागायचे. म्हणजे ही जर्नलची सरासरी झाली. बहुतेक जर्नलांत मोजकेच लेख बहुतांश उल्लेख मिळवतात आणि बाकीचे पुष्कळ लेख या सरासरीच्या खाली असतात, त्यामुळे एकेका लेखाची गुणवत्ता त्यातून कळत नाही. लेखकाची तर नाहीच. नियतकालिके निवडण्यासाठी बनलेल्या मापाने माणसाची बढती ठरते, तेव्हा ते माप रोज हाताळणाऱ्या माणसाने बोलायला हवे असे मला वाटते.

एच-इंडेक्सचेही तसेच. 2005 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो सुचवला. एखाद्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा उल्लेख मिळाले असतील तर त्याचा एच-इंडेक्स दहा, असा तो हिशेब. एका आकड्यातून माणसाच्या कामाचा फार तर ढोबळ अंदाज येतो आणि विषयाविषयांत हे आकडे खूप वेगळे असतात, हेही त्यांनी त्याच निबंधात लिहून ठेवले होते. आकडा सर्वत्र पसरला, इशारा तिथेच राहिला.

आता या तक्त्यात दोन माणसे शेजारी ठेवून पाहू. 2015 मध्ये हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानाचे अधिक अचूक मापन देणारा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे लेखक 5,154 होते. तेहेतीस पानांच्या त्या निबंधात चोवीस पाने लेखकांची नावे आणि त्यांच्या संस्था यांनीच भरली होती. यात गैर काही नाही. कणांना प्रचंड वेग देणारा तेवढा मोठा त्वरक आणि तेवढे मोठे संवेदक बनवायला, चालवायला आणि त्यांतून आलेला डेटा तपासायला हजारो माणसे खरोखर लागतात, आणि त्यांची नावे वर्णानुक्रमे लावणे हाच त्या क्षेत्रातला प्रामाणिक रिवाज आहे. आता दुसरे टोक. गणितातल्या फर्माच्या शेवटच्या प्रमेयावर अँड्र्यू वाइल्स सुमारे सात वर्षे जवळपास एकट्याने काम करत होते. जून 1993 मध्ये त्यांनी सिद्धता जाहीर केली, तपासणीत तिच्यात त्रुटी सापडली, सप्टेंबर 1994 मध्ये रिचर्ड टेलर या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याच्या मदतीने ती भरून निघाली आणि 1995 मध्ये निबंध छापून आला. साडेतीनशे वर्षे अडलेला प्रश्न सुटला. तुमच्या तक्त्यात पहिल्या निबंधाच्या प्रत्येक लेखकाला एक निबंध मिळतो. वाइल्स यांनाही या कामासाठी जेमतेम तेवढेच मिळते.

नावांच्या क्रमावरून गुण देण्याची पद्धत तर मला सर्वांत अन्यायाची वाटते. प्रायोगिक जीवशास्त्रात पहिले नाव ज्याने प्रत्यक्ष काम केले त्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे, असा संकेत आहे. गणितात आणि अर्थशास्त्राच्या मोठ्या भागात नावे आडनावाच्या वर्णक्रमाने लागतात. ‘पहिल्या लेखकाला जास्त गुण’ हा नियम सगळ्यांना लावला, की ज्या गणितज्ञाचे आडनाव वर्णमालेच्या शेवटाकडे आहे तो आयुष्यभर दुय्यम लेखक ठरतो. संगणकशास्त्रात महत्त्वाचे काम परिषदांच्या कार्यवृत्तांत आधी येते, इतिहासात आणि कायद्यात ते पुस्तकांतून येते, आणि पुस्तकाला आपल्या तक्त्यात पुष्कळदा एका निबंधाइतकेच वजन मिळते. हे सगळे संबंधित विषयातला कोणताही माणूस दहा मिनिटांत समजावून सांगेल. पण तो माणूस समितीवर असायला हवा, आणि पुष्कळदा नसतो.

वेळेच्या हिशेबावर मला जास्त बोलायचे आहे, कारण ग्रंथालयात वेळ वेगळा दिसतो. शिकागो विद्यापीठात 1921 मध्ये प्राचीन मेसोपोटेमियाच्या अक्कादी भाषेच्या कोशाचे काम सुरू झाले. मातीच्या इष्टिकांवरच्या मजकुरातून शब्द न्‌ शब्द टिपायचा, तो कुठे, कोणत्या अर्थाने आला ते नोंदवायचे. पहिला खंड 1956 मध्ये निघाला आणि शेवटचा 2011 मध्ये. नव्वद वर्षे. ज्यांनी आरंभ केला त्यांच्यापैकी कोणी शेवट पाहायला उरले नव्हते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये 1948 मध्ये डॉ. सु. मं. कत्रे यांनी हाती घेतलेल्या संस्कृतच्या महाकोशासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. त्याचा पहिला भाग 1976 मध्ये आला आणि काम अजून चालू आहे. अशा कोशात एका नोंदीमागे एका विद्वानाचे कित्येक आठवडे जातात आणि त्या नोंदीखाली त्याचे नावही नसते. मग त्याने वार्षिक अहवालात काय लिहायचे? तो कोशाचे काम बाजूला ठेवून, रकाना भरण्यासाठी, कोणालाही नको असलेला एक लेख लिहितो. तो लेख नोंदीसाठी माझ्याकडे येतो. त्याला लागलेले आठवडे कोशातून कापलेले असतात, हे मला ठाऊक असते.

विज्ञानातही असे दीर्घ काम आहे, आणि तेही तक्त्याबाहेर राहते. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी 1958 मध्ये हवाईच्या मौना लोआ या पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली, तेव्हा तो दहा लाख भागांत सुमारे 315 भाग होता. आज तो 420 च्या वर आहे. 1964 मध्ये पैसा आटल्यामुळे मापने काही महिने बंद पडली आणि त्या सुप्रसिद्ध आलेखात आजही तेवढी फट आहे. ती आता कोणत्याही निधीने भरून निघणार नाही, कारण 1964 ची हवा पुन्हा मोजता येत नाही. तेच मापन पुन्हापुन्हा करणाऱ्या शास्त्रज्ञाला ‘यात नवीन काय?’ असे विचारले जाते. कीलिंग यांनाही निधीसाठी अनेकदा झगडावे लागले. नवीन काय होते ते कळायला काही दशकांची ओळ कागदावर यावी लागली.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाचा डनेडिन अभ्यास 1972-73 मध्ये जन्मलेल्या 1,037 मुलांचा माग आजतागायत ठेवत आला आहे. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी 24 फेब्रुवारी 1988 रोजी एकाच जिवाणूपासून बारा वसाहती सुरू केल्या, त्यांची वाढ पिढ्यान्‌पिढ्या रोज चालू ठेवली आणि सुमारे 31,500 पिढ्यांनंतर त्यांपैकी एका वसाहतीत प्राणवायूच्या सान्निध्यात सायट्रेट हा पदार्थ खाण्याची नवी क्षमता उगवली. हे 2008 मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे वीस वर्षांनी.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांचा प्रयोग. आज मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत 1879 मध्ये त्यांनी वीस बाटल्यांत ओलसर वाळूबरोबर तणांचे बी भरले आणि त्या जमिनीत पुरल्या. मातीत पडलेले बी किती वर्षे जिवंत राहते, एवढाच प्रश्न होता. सुरुवातीला दर पाच वर्षांनी एक बाटली काढायची होती. पुढच्या लोकांनी ते अंतर दहा आणि मग वीस वर्षांवर नेले, म्हणजे प्रयोग जास्त काळ टिकेल. जागा गुप्त असते. निवृत्त होणारा शास्त्रज्ञ ती पुढच्याला सांगतो. उरलेल्या बियांना उजेड लागू नये म्हणून 2021 मध्ये रात्रीच्या अंधारात एक बाटली काढली गेली आणि एकशे बेचाळीस वर्षांपूर्वीच्या काही बिया उगवल्या. प्रयोग 2100 मध्ये संपणार आहे. तणांचे बी जमिनीत किती टिकते हे शेतीसाठी आणि लुप्त होत चाललेल्या वनस्पती परत आणण्यासाठी कळीचे आहे, पण तो मुद्दा सोडला तरी या प्रयोगात मला विद्यापीठाचा खरा अर्थ दिसतो. हे काम कोणतीही कंपनी करणार नाही, कोणताही तीन वर्षांचा प्रकल्प करणार नाही. माणसे बदलतात आणि तरी प्रश्न हातात राहतो, अशी व्यवस्था लागते.

मग डेटा आणि सॉफ्टवेअर. प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांचा खुला साठा 1971 मध्ये सुरू झाला तेव्हा त्यात सात रचना होत्या. आज दोन लाखांहून अधिक आहेत. त्यातल्या पुष्कळ रचना मिळवण्यासाठी कोणीतरी प्रथिनाचे स्फटिक बनवण्यात वर्षे घालवलेली आहेत. प्रथिनांची घडी संगणकाने ओळखण्याच्या ज्या कामाला 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला, ते याच साठ्यावर शिकून उभे राहिले. आर ही संख्याशास्त्रीय संगणनाची भाषा 1990 च्या दशकात ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी घडवली आणि मोफत खुली केली. वैद्यकापासून भाषाविज्ञानापर्यंतच्या प्रबंधांच्या पद्धतीच्या प्रकरणात आज तिचे नाव असते. आमच्या कपाटांत आणि सर्व्हरवर असे साठे आणि अशी साधने येतात, लोक ती वापरतात, आणि ती करणाऱ्याला समितीत सांगावे लागते की हे ‘इतर’ या रकान्यात आहे.

सर्वांत मोठे नुकसान मात्र विषयांच्या सीमेवर होते. एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण त्यात एका विद्यापीठातली जवळजवळ सगळी विविधता एका खड्ड्याभोवती उभी राहिली होती.

ऑगस्ट 2012 मध्ये लेस्टर विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी शहरातल्या एका वाहनतळाखाली उत्खनन सुरू केले. 1485 मध्ये बॉसवर्थच्या लढाईत मारला गेलेला इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड तिथे असावा असा अंदाज होता. हा अंदाज आला कुठून? मध्ययुगीन लिखाणांतून आणि जुन्या नकाशांतून. राजाला फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये पुरल्याचे त्याच्या काळाजवळच्या लेखकांनी नोंदवले होते, आणि तो मठ कुठे होता हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी शोधून ठेवले होते. सांगाडा मिळाला. अस्थितज्ज्ञांनी वाकलेला कणा पाहिला, कवटीवरच्या जखमा शस्त्रांच्या आहेत हे ओळखले. कार्बन कालमापनाने सुरुवातीला लढाईच्या काहीसा आधीचा काळ दाखवला. पण या माणसाच्या आहारात मासे भरपूर होते हे हाडांच्या रसायनावरून कळले, समुद्री अन्नामुळे काळ जुना दिसतो हे माहीत असल्याने दुरुस्ती झाली आणि 1485 त्या मर्यादेत बसले. वंशावळी अभ्यासणाऱ्यांनी राजाच्या बहिणीपासून आई-मुलगी अशी चालत आलेली रेषा आज हयात असलेल्या दोन व्यक्तींपर्यंत आणली. जनुकशास्त्रज्ञांनी त्यांचा आणि सांगाड्याचा, फक्त आईकडून येणारा मायटोकाँड्रियल डीएनए ताडून पाहिला आणि तो जुळला. पित्याकडून येणारे वाय गुणसूत्र मात्र पुरुषवंशातल्या हयात नातलगांशी जुळले नाही, म्हणजे मधल्या पिढ्यांत कुठेतरी नोंदलेला पिता खरा पिता नव्हता. हेही त्यांनी जसेच्या तसे छापले. शेवटी सगळ्या पुराव्याचे एकत्र गणित मांडून, हा सांगाडा तिसऱ्या रिचर्डचा असण्याची शक्यता 99.999 टक्के असल्याचे 2014 च्या निबंधात आले.

यातला कोणता विषय ‘उपयोगाचा’ आणि कोणता नाही? जुनी लिखाणे वाचणारा नसता तर खणायचे कुठे हे कळले नसते, आणि डीएनए वाचणारा नसता तर सापडले ते कोण हे कळले नसते. 2021 च्या आरंभी याच विद्यापीठाने खर्च आणि प्राधान्यक्रम यांचे कारण देऊन मध्ययुगीन साहित्य आणि शुद्ध गणित या क्षेत्रांतल्या संशोधकांच्या जागा कमी करण्याचा प्रस्ताव मांडला. जगभरच्या अभ्यासकांनी निषेध केला. असे प्रस्ताव इतर अनेक ठिकाणीही येतात आणि त्यांच्या पाठीशी प्रत्येक वेळी एक तक्ता असतो.

छोटे विषय बंद पडण्याची भीती किती खरी आहे, हे इटलीतल्या हर्क्युलेनियम या प्राचीन नगरातल्या ग्रंथांच्या गुंडाळ्यांवरून कळते. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या त्या नगरातल्या एका हवेलीत अठराव्या शतकात पपायरसच्या शेकडो गुंडाळ्या मिळाल्या. त्या जळून काळ्या झालेल्या होत्या आणि उलगडू गेले की त्यांचा भुगा होत असे. केंटकी विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ ब्रेंट सील्स गुंडाळी न उघडता, क्ष-किरण स्कॅनवरून आतले पदर वेगळे करण्याच्या पद्धतीवर अनेक वर्षे काम करत होते. 2023 मध्ये ते स्कॅन खुले करून जगाला आव्हान दिले गेले आणि त्याच वर्षी तरुण विद्यार्थ्यांच्या प्रोग्रामांनी शाईचे ठसे शोधून काढले. वाचला गेलेला पहिला शब्द ‘जांभळा’ या अर्थाचा होता. 2024 च्या सुरुवातीला मजकुराचे पंधरा स्तंभ समोर आले, सुखाविषयीच्या तात्त्विक चर्चेचे. संगणकाने शाई दाखवली. पण ते अक्षर कोणते, तुटलेली ओळ कशी जुळवायची, हे म्हणणे कोणत्या तत्त्वज्ञाचे असावे, हे सांगणारी माणसे पपायरस वाचणारी होती. असा माणूस तयार व्हायला प्राचीन ग्रीक, हस्ताक्षरशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकण्यात दीड-दोन दशके जातात. विद्यार्थी कमी, सायटेशन कमी, म्हणून तो विभाग आधीच मिटवला असता, तर यंत्राने दाखवलेली अक्षरे वाचायला कोणी उरले नसते. आणि बंद केलेला असा विषय पुन्हा सुरू करता येत नाही. शिकवणारा गेला की परंपरा गेली.

छोट्या विषयांच्या बचावासाठी एक युक्तिवाद नेहमी केला जातो, तो मला अर्धाच मान्य आहे. आज निरुपयोगी वाटते ते उद्या उपयोगी पडते, असा तो युक्तिवाद. उदाहरणे खरी आहेत. स्पेनच्या आलिकांते विद्यापीठात फ्रान्सिस्को मोहिका मिठागरातल्या सूक्ष्मजीवांच्या जनुकांतले विचित्र पुनरावर्तन 1990 च्या दशकात अभ्यासत होते, आणि त्याच धाग्यावरून पुढे 2012 मध्ये जनुकसंपादनाचे क्रिस्पर तंत्र आले, ज्याला 2020 चे नोबेल मिळाले. पण हा एकच बचाव ठेवला तर अक्कादी कोशाला कोणता आधार उरतो? हजारो वर्षांपूर्वीच्या एका व्यापाऱ्याने आपल्या भागीदाराला काय लिहिले ते आज आपल्याला वाचता येते, हेच त्या कामाचे फळ आहे आणि ते पुरेसे आहे. जाणून घेणे हे विद्यापीठाचे काम आहे. काही ज्ञानातून औषध निघते, काहीतून निघत नाही. दोन्ही मिळवणारी माणसे तितक्याच गंभीरपणे काम करत असतात.

तुमची बाजू मला माहीत आहे. समितीपुढे शेकडो अर्ज असतात, वेळ थोडा असतो. आणि आकडे आले ते मुळात ओळखीपाळखी रोखण्यासाठी. ‘हा आमचा माणूस आहे’ याला उत्तर म्हणून कोणीतरी ‘याचे निबंध किती?’ असे विचारले, तेव्हा ते न्यायाचेच होते. वशिला नसलेल्या कित्येक तरुणांना त्या आकड्यांनी दार उघडून दिले असेल. म्हणून आकडे फेकून द्या असे मी म्हणत नाही. पण आता त्याच आकड्यांभोवती एक बाजार उभा राहिला आहे. पैसे देऊन निबंध लिहून घेता येतो, लेखकाची जागा विकत मिळते, उल्लेखांची देवाणघेवाण होते. 2023 या एका वर्षात जगभरात 10,000 हून अधिक शोधनिबंध मागे घेतले गेले. प्रामाणिक पण सावकाश काम करणारा या शर्यतीत मागे पडतो, आणि ज्यांना रोखण्यासाठी आकडे आणले त्यांनाच ते सर्वांत सहज जमवता येतात. अपयशी प्रयोगांचे तर बोलायलाच नको. 2015 मध्ये मानसशास्त्रातले शंभर प्रसिद्ध निष्कर्ष पुन्हा तपासले गेले तेव्हा जेमतेम तिसऱ्या हिश्श्याला तसाच दुजोरा मिळाला. अशी फेरतपासणी करणाऱ्याला आपल्याकडे कोणत्या रकान्यात गुण मिळतील?

दुसरी वाट नाही असे नाही. डिसेंबर 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादकांनी आणि प्रकाशकांनी एक जाहीरनामा तयार केला. नेमणूक, बढती आणि निधी ठरवताना जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नये, हे त्याचे पहिले कलम. जगभरच्या हजारो संस्थांनी त्यावर सह्या केल्या आहेत. नेदरलँड्सच्या उट्रेख्ट विद्यापीठाने 2021 मध्ये नेमणुका आणि बढत्यांतून तो काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. ब्रिटनच्या 2021 च्या राष्ट्रीय मूल्यमापनात 34 विषयगट होते, प्रत्येकाचे स्वतंत्र तज्ज्ञमंडळ होते, आणि निबंधांबरोबर पुस्तके, सॉफ्टवेअर, रचना, प्रदर्शने आणि रंगमंचीय प्रयोगही मांडता येत होते. दर माणसामागे सरासरी अडीच कामे मागितली होती, पंचवीस नव्हे. त्या व्यवस्थेवरही खर्चाची आणि कागदपत्रांच्या ओझ्याची टीका होते, आणि ती रास्त आहे. तरी कामे वाचली जातात हे तिथे मान्य झाले आहे.

तुमच्याकडे माझे मागणे मोठे नाही. अर्जदाराला त्याची सगळी यादी मागू नका. त्याने स्वतः निवडलेली तीन किंवा चार कामे मागा आणि ती त्या विषयातल्या दोघांकडून तरी वाचून घ्या. काम कोणत्याही रूपात असू द्या: कोश, चिकित्सक आवृत्ती, डेटा, कोड, नकाशा, नमुन्यांचा संग्रह, रंगमंचीय प्रयोग. त्यासोबत अर्ध्या पानात एवढेच लिहायला सांगा, की या कामाआधी काय माहीत नव्हते आणि आता काय माहीत झाले. संघात काम झाले असेल तर नावाच्या क्रमावरून अंदाज बांधण्याऐवजी त्याने नेमके काय केले ते विचारा. दीर्घ काम करणाऱ्याकडून दर वर्षी निबंध न मागता, काम कुठवर आले आणि ते पुढे कोण चालवणार हे मागा. फेरतपासणी आणि ‘काही सापडले नाही’ असे सांगणारा निष्कर्ष यांना पूर्ण वजन द्या. आणि एखादा छोटा विषय बंद करण्याचा प्रस्ताव समोर येईल तेव्हा त्यावर मत देण्याआधी, इतर कोणत्या विभागांचे काम त्याच्यावर उभे आहे ते त्या विभागांना लेखी विचारा. प्रबंधांच्या संदर्भसूची पाहिल्या तरी हे दिसते. वैद्यकाच्या प्रबंधात हस्तलिखितांचे संदर्भ मी पाहिले आहेत आणि संगीताच्या प्रबंधात संकेत-प्रक्रियेचे (सिग्नल प्रोसेसिंगचे) गणित.

यात ग्रंथालयाची मदत होऊ शकते आणि ती द्यायला आम्ही तयार आहोत. डेटा, कोड आणि ध्वनिमुद्रणे यांना निबंधांसारखेच कायमचे ओळखक्रमांक देण्याची सोय आता आहे. ती वापरली की कोणी काय केले, कोणी ते पुढे वापरले हे दाखवता येते. कोणत्या विषयात कोणत्या प्रकारचे काम प्रमाण मानले जाते याची टिपणे विभागांशी बोलून तयार करता येतील. समितीच्या पुढच्या बैठकीआधी सदस्यांनी एक दिवस प्रबंध विभागात काढला, तर निरनिराळ्या विद्याशाखांची अलीकडची कामे मी टेबलावर मांडून ठेवीन. तारीख तुम्ही कळवा.

आपली,
विद्यापीठ ग्रंथालयाच्या प्रबंध विभागातील एक ग्रंथपाल